ओगियन पाऊस थांबवत नाही

१९९८ साली ब्लूम्सबरीने, म्हणजे हॅरी पॉटरच्या इंग्लंडमधल्या प्रकाशकाने, पहिल्याच पुस्तकाची एक वेगळी आवृत्ती बाजारात आणली. आतला मजकूर अगदी तोच, फक्त कव्हर बदललेलं. रंगीत चित्र काढून तिथे वाफेच्या इंजिनाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो. का, तर ऑफिसला जाणारी मोठी माणसं ट्रेनमध्ये ते पुस्तक वाचत होती आणि आपल्या हातात लहान मुलांचं पुस्तक आहे हे समोरच्याला दिसू नये असं त्यांना वाटत होतं. मला त्या माणसांबद्दल फार आपुलकी वाटते. दिवसभर कामाला जुंपून घ्यायचंय, पण त्याआधी अर्धा तास त्यांना त्या शाळेत जाऊन यायचंय.

आपल्याकडे कव्हर बदलायची वेळच येत नाही कारण आपण पुस्तकच बदलतो. आठवी-नववीत गेलं की 'मृत्युंजय' हातात येतं, मग 'ययाती' येतं, मग बाकीचं सगळं. ती पुस्तकं मीही रात्र रात्र जागून वाचलीत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच सुमाराला घरातलं कुणीतरी म्हणतं की आता पऱ्या-राक्षस पुरे झाले, आणि तो सगळा कप्पा एखाद्या धाकट्या भावंडाकडे जातो. पुढे तिशी-चाळिशीत तुम्ही परत तसलं काही वाचताना दिसलात की लोक समजूतदारपणे हसतात आणि म्हणतात, हं, बालपण परत जगावंसं वाटतं ना.

मला हे अजिबात पटत नाही. बालपणात डोकवायचं असेल तर शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, जुने अल्बम आहेत. ही पुस्तकं मी उघडते ती आत्ताच्या वयातलं काहीतरी अडलेलं असतं तेव्हा. मरण, म्हातारपण, हातातून निसटणारा वेळ, आपल्याच आतलं काहीतरी नकोसं, या गोष्टींबद्दल मुलांसाठी लिहिणारा चांगला लेखक जितका सरळ बोलतो तितकी सरळ बोलणारी माणसं फार थोडी असतात. त्याला भाषेच्या आड लपता येत नाही. समोरचा वाचक दहा वर्षांचा असतो आणि त्याला 'असो' म्हणून पुढे गेलेलं चालत नाही.

अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या अर्थसीच्या पुस्तकांबद्दल सांगते, कारण ती माझ्या सगळ्यात जवळची आहेत. साठच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पार्नासस प्रेस नावाच्या एका छोट्या प्रकाशनाने त्यांच्याकडे टीनएजर मुलांसाठी कादंबरी मागितली. आधी त्या कचरल्या. मग त्यांना असा प्रश्न पडला की गोष्टींमधले जादूगार सगळे पांढऱ्या दाढीचे म्हातारे असतात, पण ते काही म्हातारेच जन्माला आले नसणार, मग ते पोरसवदा असताना कसे होते आणि जादू शिकले कुठे? त्यातून १९६८ मध्ये 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आलं. हॅरी पॉटरच्या जवळजवळ तीस वर्षं आधीची ही जादूची शाळा. तिथलं जग म्हणजे समुद्र आणि त्यात विखुरलेली शेकडो बेटं. त्यातल्या गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर एक शेळ्या राखणारा पोरगा असतो, आई तान्हेपणीच गेलेली, मावशी गावातली चेटकीण, आणि अंगात ताकद एवढी की कुणालाच, त्याला स्वतःलाही, तिचा अंदाज नाही. त्याचं नाव गेड. रंग तांबूस तपकिरी, आणि त्याचा जिवलग मित्र तर काळाच. हे बाईंनी ठरवून केलं होतं आणि पुढे टीव्ही मालिकेत गेडला गोरा केला तेव्हा त्यांनी जाहीर लेख लिहून खरडपट्टी काढली. परदेशी फँटसी वाचताना आपण निळे डोळे गृहीतच धरून चालतो, आणि इथे आपल्या कातडीचा मुलगा होडी घेऊन समुद्र ओलांडत असतो, हे लक्षात आल्यावर मी पुस्तक परत पहिल्या पानापासून सुरू केलं.

गेडला गुरू मिळतो तो ओगियन. लोक त्याला मौनी म्हणतात. एकेकाळी भूकंप शांत केलेला हा माणूस. गेडला वाटतं आता हा धडाधड मंत्र शिकवणार, आणि ओगियन काहीच शिकवत नाही, दोघं नुसते डोंगरातून चालत राहतात. वाटेत एक रोपटं दिसतं, ओगियन त्याचं नाव सांगतो, गेड विचारतो याचा उपयोग काय, तर तो म्हणतो मला तरी माहीत नाही. मग पाऊस येतो. त्या बेटावरचा कुठलाही फुटकळ जादूगार मंत्र टाकून ढग बाजूला ढकलतो, आणि ओगियन एका दाट झाडाखाली अंग टाकून झोपतो. गेड शेजारच्या ओल्या झुडपात कुडकुडत, चरफडत बसतो की एवढी विद्या असून काय कामाची.

मागच्या उन्हाळ्यात साताऱ्याला आईकडे असताना मी हे भाच्याला वाचून दाखवत होते, म्हणजे इंग्लिश पानावर नजर आणि तोंडाने मराठी, जमेल तसं. पावसाशी आल्यावर त्याने थांबवलंच. "मावशी, पण त्याला येतं ना पाऊस थांबवता? मग थांबवत का नाही?" मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात आई, जी खाली वर्तमानपत्रावर मेथी निवडत बसली होती आणि मला वाटत होतं की तिचं लक्ष नाही, ती वर न बघता म्हणाली, "अरे, त्याने ढकलला तर तो पुढच्या गावावर जाऊन पडेल, तिथला ढकलेल तो अजून पुढे. मग पडायचं कुठे त्या पावसाने?" आता गंमत अशी की पुस्तकात ओळीच्या मागेपुढे नेमकं हेच आहे, की जादूगारांची गर्दी असलेल्या त्या बेटावर बिचारा ढग इकडून तिकडे हाकलला जातो आणि शेवटी समुद्रावर जाऊन एकदाचा बरसतो. आईने हे पुस्तक कधी हातातही धरलेलं नाही. ती दुष्काळी माणमधल्या गावात वाढली आहे, पावसाची वाट बघणं काय असतं ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

त्या खोलीत तेव्हा तीन वयं होती आणि तिघांचं पुस्तक वेगळं चाललं होतं. भाच्याला सावली हवी होती. गेड पुढे रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत जातो, एका मुलाच्या डिवचण्याने चिडतो, ईर्षेला पेटून मेलेल्या माणसाला बोलावतो आणि त्या फटीतून एक काळी सावली बाहेर येते जी त्याचा चेहरा ओरबाडते आणि मग बेटाबेटांवर त्याच्या मागे लागते. ती आता कुठे असेल, त्याला गाठेल का, एवढंच भाच्याला हवं होतं. मला गेडच्या पळण्याचं काहीतरी होत होतं. आणि आईचा प्रश्न चौथ्या दिवशी, चहा गाळताना आला, "तो गुरू मग एकटाच राहिला का गं घरी?"

नावांचा भाग तर तिला लगेच कळला. अर्थसीमध्ये प्रत्येकाला एक खरं नाव असतं, तेराव्या वर्षी वाहत्या पाण्यात उभं करून ते कानात सांगतात, आणि ते ज्याच्यावर जीव टाकावा अशा माणसालाच सांगायचं, कारण ज्याला नाव कळलं त्याच्या हातात तुम्ही आलात. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते हे आपण बघत आलोय. आईने तर बाबांचं नाव उखाण्याखेरीज कधी उच्चारलं नाही. रेशन कार्डाच्या रांगेत विचारलं तरी ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचे. मला कॉलेजात असताना त्याचा राग यायचा, अजूनही ती पद्धत चालू राहावी असं मी म्हणणार नाही, पण नावाला वजन असतं ही गोष्ट ले ग्विन जेव्हा सांगतात तेव्हा ती आमच्या घरात आधीपासून माहीत होती.

आता ज्या पानांसाठी मी या पुस्तकाकडे परत गेले ती सांगते. गेड शाळा संपवून एका छोट्या बेटावर गावचा जादूगार म्हणून राहतो. तिथे होड्या बांधणारा एक साधा माणूस त्याचा मित्र होतो. त्याचा लहान मुलगा तापाने फणफणतो आणि रात्री बोलावणं येतं. गेडला शिकवलेलं असतं की जखम भरा, आजार बरा करा, पण जाणाऱ्या जिवाला जाऊ द्या. त्याला बघताक्षणी कळतं की मूल जाणार, आणि तरी त्या आईबापांकडे बघून तो त्या मुलाच्या मागे जातो. एक काळोखी उतार, त्यावर मूल भराभर खाली पळतंय, हा हाका मारत मागे, आणि आकाशात असे तारे जे कधी मावळत नाहीत. मूल हाताला लागत नाही. परतताना एक बुटकी दगडी भिंत लागते आणि भिंतीच्या पलीकडे ती सावली उभी असते.

बाबा आजारी होते तेव्हा आम्ही सगळ्यांनी हेच केलं. अजून एक टेस्ट, अजून एक ओपिनियन, कुणाच्या तरी ओळखीचे अजून एक डॉक्टर. उतारावर मागे मागे पळत होतो. ते गेल्यानंतर मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ चांगलं सांगितलं, गीतेतलं सांगितलं, कुणी पुस्तकं दिली, पण मला जे कळायचं होतं ते मुलांसाठी लिहिलेल्या या तीन-चार पानांत कळलं, की मागे धावणाऱ्याची माया खोटी नसते, त्याची विद्याही खोटी नसते, आणि तरी ते मूल थांबत नाही. याला सांत्वन म्हणतात का मला माहीत नाही. पण त्या पानांत कुणी माझ्याशी खोटं बोललं नाही.

मग ओगियन त्याला सांगतो की पळू नकोस, वळ. शिकार होऊ नकोस, शिकार कर. शेवट सांगत नाही, भाच्यासारखे अजून कुणी वाचायचे असतील, एवढंच म्हणते की तिथे लढाई जिंकणं-हरणं असं काही होत नाही आणि माझ्या मते एवढा प्रौढ शेवट मोठ्यांच्या कादंबऱ्यांतही फार मिळत नाही.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नुसती मुलांची पुस्तकं नाही, मुलांच्या फँटसी कादंबऱ्याच मोठ्यांना धरून का ठेवतात, याचं उत्तर मला त्या सावलीत मिळतं. आपली भीती अशी असते की तिला तोंड नाही, पाय नाहीत, ती रात्री दोन वाजता येते आणि सकाळी तिच्याबद्दल सांगायला गेलं की शब्द सापडत नाहीत. फँटसी तिला पाय देते, ती दारात उभी राहते, तिच्याकडे बघता येतं. मिखाएल एंडे या जर्मन लेखकाच्या 'मोमो'मध्ये (१९७३) वेळ कमी पडण्याची जी आपली रोजची घुसमट आहे तिला करड्या सुटातली, करडी सिगार ओढणारी माणसं केलंय. हे करडे लोक गावातल्या न्हाव्याकडे येतात, फुसी त्याचं नाव, वय ४२. एक जण त्याच्या आरशावर हिशोब मांडतो. सत्तर वर्षं जगलास तर २,२०,७५,२०,००० सेकंद. त्यातले १,३२,४५,१२,००० संपले. मग एकेक खर्च मांडायला लागतो, झोपेचे किती, जेवणाचे किती, बहिऱ्या म्हाताऱ्या आईशी रोज तासभर बोलतोस त्याचे किती, पोपटासारखा छोटा पक्षी पाळलायस त्याचे किती, चालू न शकणाऱ्या एका बाईला रोज फूल नेऊन देतोस त्याचे किती. सगळं वाया. वाचव. फुसी वाचवायला लागतो, आईची सोय वृद्धाश्रमात करतो, पक्षी विकतो, फूल बंद, गिऱ्हाइकाशी गप्पा बंद, आणि त्याच्या हाताला काही म्हणजे काही उरत नाही, फक्त चिडचिड वाढते.

मी हे डोंबिवली फास्टमध्ये वाचलं आणि कुर्ला यायच्या आत फोन बाहेर काढून आईला लावला, उगाच, काही काम नसताना. दहा वर्षांच्या मुलाला हे प्रकरण वाचताना त्या करड्या माणसांची मस्त भीती वाटते, थंडी वाजते. मला ते वाचताना त्या यादीतली ओळ न ओळ ओळखीची वाटत होती. लेखकाने दोघांसाठी वेगळं काही लिहिलेलं नाही, वाक्यं तीच आहेत, वाचणाऱ्याच्या मागे किती आयुष्य साठलंय त्याप्रमाणे ती लागतात.

आणि टोव्हे यान्सन. फिनलंडच्या या बाईंच्या मूमिन नावाच्या गुबगुबीत, पाणघोड्याच्या तोंडाच्या कुटुंबाला हल्ली लोक मगवर आणि टी-शर्टवर ओळखतात, आणि म्हणून मला नेहमी वाटतं की शेवटची कादंबरी, 'मूमिनव्हॅली इन नोव्हेंबर', हातात द्यावी आणि म्हणावं बघा. ती १९७० ची, त्याच वर्षी यान्सनची आई गेली. पुस्तक मूमिन कुटुंबाचं, पण कुटुंब पुस्तकभर घरात नाहीच. पावसाळी थंडीत वेगवेगळे लोक त्यांच्या घरी येऊन थांबतात, प्रत्येकाला त्यांच्याकडून काहीतरी हवंय, आणि घर रिकामं. त्यातल्या टॉफ्ट नावाच्या छोट्याने तर त्या घरातल्या आईची मनात अशी मूर्ती केलेली असते की ती कधी रागावत नाही, कधी थकत नाही. शेवटी शेवटी तो घरामागच्या एका दाट, कुरूप रानात शिरतो, आणि त्याला उमगतं की ती आई थकली, वैतागली, कुणीच नको झालं की इथे येऊन एकटी चालायची. बस, एवढंच. मुलांच्या पुस्तकात आईला स्वतःचं एक रान आहे. ज्या वाचकाला आई आहे आणि ज्या वाचकाला मुलं आहेत, दोघांनी ते पान एकदा वाचावं असं मला कळकळीने वाटतं. यान्सनने यानंतर मूमिनची कादंबरी लिहिली नाही, ती मुख्यतः मोठ्यांसाठी लिहीत राहिली, पण तिचा आवाज काही बदलला नाही, मला तरी तो तोच ऐकू येतो.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनने १९३९ च्या एका व्याख्यानात म्हटलंय की परीकथा मुलांच्या खोलीत गेल्या त्या जुनं फर्निचर तिकडे टाकतात तशा, मोठ्यांना नकोशा झाल्या म्हणून. आपल्याकडे याचा पुरावा घरातच आहे. विक्रम-वेताळ आपण चांदोबात वाचलं, झाडाला लटकलेलं प्रेत, खांद्यावर घेऊन चालणारा राजा, आणि उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शंभर शकलं. पण त्या गोष्टी अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त घेतल्या त्या राणी सूर्यमतीचं मन रमावं म्हणून. राणी काही दहा वर्षांची नव्हती. आणि राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात ठेवलेला असतो ही गोष्ट ज्याने आजीच्या कुशीत ऐकलीय त्याला हॅरी पॉटरमधल्या व्होल्डेमॉर्टने आपल्या जिवाचे तुकडे लपवून ठेवले तेव्हा आश्चर्य कसलं वाटणार, तो तर पहिल्या झटक्यात म्हणतो, अरे, पोपट!

'टेहानू' या अर्थसीच्या चौथ्या पुस्तकाबद्दल सांगायचं राहिलं. अर्थसीची पहिली तीन पुस्तकं १९७२ पर्यंत आली आणि मग १९९० मध्ये, वयाच्या साठीत, ले ग्विन परत तिथे गेल्या. गेडची सगळी ताकद आता संपलेली आहे. तो गाँटला परत येतो आणि पुन्हा शेळ्या राखतो. गोष्ट मात्र टेनार नावाच्या मधल्या वयाच्या विधवेची आहे, शेत सांभाळणाऱ्या, आणि आगीत टाकून दिलेल्या एका मुलीची, जिला टेनार वाढवते. भांडी, दूध, चूल, पीच झाडाची बी, आणि मधूनच ड्रॅगन. ज्यांना पुन्हा जादूच्या लढाया हव्या होत्या ते तेव्हा नाराज झाले असं वाचलंय. मला उलट वाटतं की आपल्या वाचकांसोबत स्वतःही म्हातारं होण्याचं धाडस फार कमी लेखक दाखवतात. भाच्याला हे इतक्यात देणार नाही, त्यातली काही दुःखं त्याच्या वयाला जड आहेत. आईला मात्र फोनवर थोडं थोडं सांगते आहे. ओगियन या पुस्तकात सुरुवातीलाच जातो, तेव्हा त्याच्याजवळ टेनार असते, आणि आईला तेवढंच हवं होतं.

राहून राहून वाटतं की असं एखादं जाडजूड, स्वतःचं अख्खं जग असलेलं पुस्तक आपल्या मातीतलं वाचायला मिळावं. सामान काय कमी आहे का? वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. देव नऊ-दहा फूट उंच, त्याला नवसाला केळीचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो म्हणून चपला झिजतात, असं तिथले लोक सांगतात. त्या चपला शिवणाऱ्या घरातला एखादा मुलगा घ्या, किंवा मुलगी, आणि एका सकाळी झिजलेल्या तळव्याला गावात कुठेच नसलेली माती चिकटलेली दिसू दे. देव रात्री हद्दीबाहेर गेला होता, कशासाठी? पुढची चारशे पानं मला वाचायची आहेत. कुणी लिहायला घेतली असतील तर सांगा, छापायच्या आधीचा कच्चा खर्डासुद्धा चालेल, मी भाच्यासाठी एक आणि आईसाठी मोठ्या टायपात एक अशा प्रिंट काढून घेईन.